ज्वारीचा आठवा गोळा

१

माणिकरावांनी सिगारेट विझवायला म्हणून आगीच्या बादलीतल्या वाळूत खुपसली, तर ती वाळूत न जाता कशाततरी मऊ रुतली. त्यांनी बोटांनी उकरलं. लिंबाएवढा ज्वारीच्या पिठाचा गोळा निघाला. फोडला, तर आत कागदाची पट्टी, आणि पट्टीवर टाइप केलेलं नाव: शोभा ज्ञानोबा, हळ्ळीखेड.

"नागूबाई!" माणिकराव ओरडले. "अहो नागूबाई, हिकडं या, लवकर या!"

एका पिठाच्या गोळ्यापायी टेनिस मंडळाच्या चिटणिसानं एवढं ओरडायचं काय कारण? कारण सरळ होतं. ह्याच शोभाचं नाव तासाभरापूर्वी शंभर माणसांदेखत घागरीतून निघालं होतं आणि फळ्यावर खडूनं लिहूनही झालं होतं. जिच्या नावाची एकच चिठ्ठी होती, तिची दुसरी चिठ्ठी वाळूत कशी?

गुलबर्ग्यात बायकांच्या एकेरीचे सामने, तेही छपराखाली, तेही बक्षिसावर खेळणाऱ्या बायकांचे, असं काही १९७८ च्या आधी कुणी ऐकलं नव्हतं. गुरुशांतप्पांची जिनिंग बंद पडून दोन वर्षं झाली होती. कापसाच्या रिकाम्या गोदामात त्यांनी फळ्या ठोकल्या, वर जाड कॅनव्हास ताणलं, दिवे लावले आणि मंडळाला सांगितलं, घ्या, भरवा सामने. म्हातारा सत्तरीचा, मंडळाचा अध्यक्ष, शब्दाला वजन. दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते. हैदराबाद, पुणे, बेंगळूर अशा ठिकठिकाणच्या आठजणी आल्या. बाद पद्धत. हरली की दुसऱ्या सकाळी बिछाना रिकामा करून गाडी धरायची.

सोडतही गुरुशांतप्पांच्याच मनासारखी झाली. "आमच्या मादन हिप्परग्याला जत्रेतल्या मानाच्या चिठ्ठ्या काढत्यात, तशी काढू," ते म्हणाले होते. "नुसत्या कागदाची घडी बोटाला कळती. ज्वारीच्या गोळ्यात घातली की कुणाच्या बापाला कळत न्हाई." जत्रेची अजून एक रीत त्यांनी आणली. गावच्या लेकीला फळ्यावरची पहिली ओळ मानाची, तिचं नाव घागरीत टाकायचं नाही. गुलबर्ग्याची लेक म्हणजे त्यांचीच महादेवी, आता बेंगळूरहून खेळणारी. म्हणजे चिठ्ठ्या सात, गोळे सात. घागरीतून पहिलं जिचं नाव निघेल ती महादेवीशी खेळणार. पहिलं नाव निघालं शोभाचं.

तेव्हाच बाकीच्या पोरींनी एकमेकींकडे बघितलं होतं. शोभा सव्वीस वर्षांची, वाढली इथंच पण नावापुढं बापाचं गाव लावणारी, गेल्या साली हैदराबादेत उपान्त्य फेरीपर्यंत गेलेली. महादेवी तेहेतिसाची, गुडघ्याला पट्टी, दोन वर्षांत एक सामना जिंकलेला नाही. असा सोपा सामना मिळणं म्हणजे नशीबच की.

"नशीब कसलं!" माणिकराव आता गोळा नाचवत म्हणाले. "गोळे वसतिगृहातून इथं आणले कुणी? कोर्टाच्या गड्यानं, ज्ञानोबानं. घागरीत टाकले कुणी? ज्ञानोबानं. शोभा कुणाची पोरगी? ज्ञानोबाची! खरा गोळा काढून वाळूत पुरला आन् आपला खुणेचा गोळा वर ठिवला. पाच वाजता मंडळाची बैठक घेतो. पोरीचं नाव कापायचं, वर कळवायचं, जन्मात पुन्हा कुठं खेळाय नको. आन् ज्ञानोबा आजच्या आज बाहेर."

नागूबाईनं घड्याळात बघितलं. अकरा वाजले होते. पहिला सामना सहाला होता.

"बैठक घ्या," ती म्हणाली. "पण पाचच्या आधी कुणाला हाकलायचं न्हाई. खेळाडूंची शिस्त माझ्याकडं हाय."

२

नागूबाई मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका. बाप मेंढरं राखायचा. ती घराण्यातली पहिली शिकलेली. नवरा लग्नानंतर तिसऱ्या वर्षी गेला, मूल नव्हतं. वसतिगृहात चाळीस कॉट. शाळा चालू असली की चाळीस पोरींच्या कलकलाटानं तिचं डोकं उठायचं, आणि सुट्टी लागली की त्या चाळीस रिकाम्या कॉट बघून तिला जेवण जायचं नाही. खरं सांगायचं तर सामन्यांची जबाबदारी तिनं टेनिसच्या प्रेमानं घेतली नव्हती. दिवाळीच्या सुट्टीत आठ पोरी राहायला येणार, एवढ्यावरच ती हो म्हणाली होती. टेनिसमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं.

पण पोरी तिला कळायच्या. कुणी साबण चोरला, कुणी खोटा ताप आणला, हे ती चेहरा न बघता सांगायची. गोदामातून निघताना तिनं सोडतीचं ताट उचललं. फोडलेल्या गोळ्यांची टरफलं आणि चिठ्ठ्या त्यात तशाच पडल्या होत्या. त्यावर फडकं टाकून तिनं ते न हलवता दोन्ही हातांत धरलं. माणिकराव हसले, "पिठाचं काय करताव, बाई? तुमच्या ईरम्मापेक्षा माझी भाकरी पातळ असती. शिकायला हैदराबादेत होतो तवा सात वर्सं हातानं थापून खाल्ली म्या."

ज्ञानोबाची खोली गोदामाच्या मागच्या भिंतीला लागून होती. दार उघडंच. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, खाली चूल. म्हातारा चुलीपुढं बसला होता. पातेल्यात पाणी खळखळत होतं, ते त्यानं परातीतल्या पिठावर ओतलं, उलथन्यानं फिरवलं, आणि हात भाजत असतानाच मळायला लागला.

"बसा बाई," तो म्हणाला. "शोभी सकाळपसनं उपाशी हाय. तिची माय गेली तवापसनं माझ्या हातचीच भाकरी लागती तिला."

"ज्ञानोबा, गोळे आणताना वाटेत कुठं थांबलास?"

"न्हाई."

"कुणी भेटलं?"

"न्हाई. परडीवर ओलं फडकं हुतं, ते उचललंबी न्हाई. गोदामात नेली, मालकाच्या म्होरल्या टेबलावर ठिवली. मालक म्हणले, घागर इसळून आण. म्या घागर इसळाय गेलो. आलो, गोळे मोजून टाकले. सात." त्यानं भाकरी तव्यावर टाकली आणि वर पाण्याचा हात फिरवला. "माणिकराव म्हणायलेत, म्या शोभीचा गोळा वर ठिवला. वर ठिवून काय उपेग, बाई? मालकानं तर घागरीत कोपरापोतर हात घालून ढवळलं. तुमीबी बघितलं की."

बघितलं होतं. हंड्यातलं ताक ढवळावं तसं गुरुशांतप्पांनी ढवळलं होतं. गोळे आपटल्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला होता.

"मंग आता?" नागूबाईनं विचारलं.

"आता काय." ज्ञानोबानं भाकरी उलटली. "म्या मालकाच्या कोर्टावर बावीस वर्सं चुना मारला. आधी बंगल्यावर, आता हितं. मला हाकलू द्या, म्या मजुरी करीन. पर शोभीला खेळू द्या. तिला खेळाबिगर दुसरं काई येत न्हाई, बाई. तिला कुणी न्हाई. एक म्या, आन् एक ह्यो खेळ."

नागूबाईचं उठायचं राहून गेलं. एकटं माणूस दुसऱ्या एकट्या माणसाच्या दारात बसलं की असंच होतं.

३

शोभा वसतिगृहाच्या शेवटच्या खोलीत रॅकेटच्या मुठीला पट्टी गुंडाळत बसली होती. गुंडाळायची, उकलायची, पुन्हा गुंडाळायची.

"अक्का, मला न्हाई विचारायचं का, केलंस का म्हणून?"

"केलंस का?"

"न्हाई."

"झालं तर. आता हे सांग, महादेवीला तू कधीपसनं वळखतीस?"

"लहानपणापसनं!" शोभा पहिल्यांदा थोडी हसली. "बाबा त्यांच्या बंगल्यावरच्या कोर्टावर कामाला. मी चेंडू उचलायची. मग महादेवीअक्काला खेळायला कुणी नसलं की मला उभं करायचे. दहा वर्षांची मी, ती सतराची. आधी कळायचं न्हाई मला. मग बारा-तेरा वर्षांची झाले आणि तिचा प्रत्येक चेंडू मला दिसायला लागला. पण बाबा सांगायचे, मालकाच्या लेकीला हरवायचं न्हाई. वरच्या गच्चीवर अप्पा बसलेले असायचे, टाळ्या वाजवायचे. म्हणून मी जाळीत मारायची. रोज जाळीत मारायची."

"कधीच जिंकली न्हाईस?"

"तिला? कधीच न्हाई." शोभानं पट्टी करकचून ओढली. "आज जिंकणार होते."

नागूबाईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

महादेवी शेजारच्याच खोलीत होती. वडलांचा बंगला इथून पाऊण मैलावर, पण ती उतरली होती वसतिगृहात, बाकीच्या पोरींसारखी, लोखंडी कॉटवर. सात वर्षांपूर्वी आईचं तेराव्याचं जेवण उरकलं आणि वडलांनी हिच्यासाठी परस्पर एक स्थळ पक्कं केलं. हिनं एक पेटी उचलली ती थेट बेंगळूरची गाडी धरली. त्यानंतर ना पत्र, ना येणं.

"मला निमंत्रण आलं ते चिटणिसांच्या सहीनं," महादेवी म्हणाली. "खाली अप्पांचं नाव असतं तर फाडून टाकलं असतं. इथं आल्यावर कळलं गोदाम कुणाचं ते."

"सोडत कुणी तरी फिरवली म्हणत्यात. तुला कुणावर संशय?"

"फिरवून कुणाचा फायदा झाला? शोभाचा. आणि शोभा असलं करणार नाही." तिनं गुडघ्याची पट्टी सोडली. गुडघा सुजला होता. "अक्का, मी इथं हरायलाच आले होते. पहिल्या फेरीत हरणार, सकाळच्या गाडीनं जाणार. मला गावात एक दिवस जास्त काढायचा नव्हता. त्यांच्याशी बोलायलासुद्धा लागलं नाही अजून. बरं झालं."

बरं झालं म्हणताना ती खिडकीकडे बघत होती. खिडकीतून बंगल्याची निलगिरीची झाडं दिसायची.

नागूबाई बाहेर आली आणि जिन्यात थबकली. सगळे विचारत होते, फायदा कुणाचा झाला. आणि सगळ्यांचं उत्तर एकच. पण सगळ्यांना टेनिस कळत होतं. टेनिस न कळणारं कुणी असेल तर?

४

स्वयंपाकघरात ईरम्मा तांदूळ निवडत होती. नागूबाईनं ताट तिच्यापुढं ठेवलं आणि फडकं काढलं.

"ईरम्मा, सकाळी सातला माझ्यासमोर तू गोळे केलेस. किती?"

"सात. तुमीच मोजले की, अक्का."

"हे बघ. हा वाळूतला. हे बाकीचे फोडलेले. ह्यात तुझ्या हातचे कुठले?"

ईरम्मानं वाळूतल्या गोळ्याचा तुकडा चेपून बघितला. मऊ, गुळगुळीत, बोटाचा ठसा उमटला. मग ताटातली टरफलं एकेक उचलली. सहा तशीच होती. सातवं, सगळ्यांत खाली पडलेलं, तिनं धरलं आणि ते हातातच भुगा झालं. भेगाच भेगा.

"अय्यो, हे माझं न्हाई!" ईरम्माचा राग अनावर झाला. "कुणी केलंय हे? गार पाण्यात मळलंय मेल्यानं! ज्वारी गार पाण्यात मळत्यात व्हय? तासाभरात तडकती ती. लेकराला बी ठाव असतंय."

नागूबाई खालीच बसली. सगळ्यांत खालचं टरफल म्हणजे पहिला फोडलेला गोळा. म्हणजे शोभाच्या नावाचा. माणिकराव म्हणत होते तसा घागरीतला गोळा खोटा होता हे तर झालंच. पण खोटा गोळा करणाराला ज्वारी कशी मळतात एवढंही ठाऊक नव्हतं. आणि ज्ञानोबा बायको गेल्यापासून चौदा वर्षं रोज सकाळ-दुपार आधणाचं पाणी ओतून भाकरी थापत होता. माणिकराव सात वर्षं थापत होते आणि अजून मिरवत होते. ईरम्माचं तर बोलायलाच नको. ह्यातल्या कुणाचाही हात चुकूनसुद्धा गार पाण्यात गेला नसता.

ज्यानं जन्मभर आयती भाकरी खाल्ली, अशाच माणसाचा हा गोळा होता.

तिनं चिठ्ठ्या उजेडात धरल्या. सहा आणि वाळूतली एक, अशा सात चिठ्ठ्यांवर अक्षर काळं, ठळक. घागरीतून निघालेल्या शोभाच्या चिठ्ठीवरचं अक्षर निळसर आणि पुसट, कडेला बोटाचा निळा डाग.

ती तशीच उठून मंडळाच्या कचेरीत गेली. माणिकराव बैठकीची सूचना टाइप करत होते.

"चिठ्ठ्यांची यादी किती वेळा टाइप केलीत?"

"एकदाच. खाली कार्बन घालून. वरची कापून चिठ्ठ्या केल्या."

"आन् कार्बनची प्रत?"

"ती अध्यक्षांच्या फायलीत. नियमच हाय तसा. काल संध्याकाळी त्यांच्या हातात दिली." माणिकरावांनी चष्म्यावरून बघितलं. "कामून?"

"काई न्हाई," नागूबाई म्हणाली. घागरीत हात फक्त एकाचाच गेला होता. कोपरापर्यंत ढवळूनसुद्धा खरबरीत गोळा बोटाला सापडतोच, आणि ढवळल्यामुळे बघणाऱ्याचा संशय तेवढा फिटतो. पण त्यानं आपल्याच लेकीसमोर तिला चिरडणारी पोरगी का उभी करावी? इथंच सगळं अडत होतं. आणि मग आदल्या संध्याकाळी चहाच्या वेळचं एक बोलणं तिला आठवलं. माणिकराव खेळाडूंची नावं वाचत होते तेव्हा म्हाताऱ्यानं मधेच विचारलं होतं, "ज्ञानोबाची शोभी व्हय? ती अजून खेळती का?"

चार वाजले होते.

५

गुरुशांतप्पा गोदामात एकटेच होते. पांढरं धोतर, पांढरा फेटा, कपाळावर विभूती, मांडीवर फाईल. समोर जाळी बांधलेली होती आणि वर पत्र्याखाली पारवे घुमत होते.

"या नागूबाई. बैठकीला वेळ हाय अजून."

"अप्पा, फाईल दाखवताव का?"

त्यांनी फाईल दोन्ही हातांनी धरली. उघडली नाही. नागूबाई समोरच्या खुर्चीत बसली.

"मग मीच सांगते. त्यात आठ नावांची कार्बनची यादी हाय आन् मधलं एक नाव कापलेलं हाय. रात्री घरी तुमी हातानं पीठ मळलंत. गड्याला सांगता येईना. सकाळी ज्ञानोबाला घागर इसळायला लावली, परडीतल्या गोळ्यांतनं शोभाचा धुंडून काढला, तुमचा आत ठेवला. धुंडला कसा, तेवढं मला कळलं न्हाई."

"माणिकरावानं चिठ्ठ्या घालताना म्या स्वयंपाकघराच्या दारात हुतो," गुरुशांतप्पा म्हणाले. "शोभीचा गोळा वळून झाला तवा ईरम्मानं परडीच्या कडेला ठिवला. नजर हलू दिली न्हाई म्या. माझा गोळा वाळका, फेट्याच्या पदरात गुंडाळून आणला हुता; ह्ये ओलं पीठ लपवू कुठं? बादलीत टाकलं. मागनं काढणार हुतो."

"आन् कामून केलंत हे?"

"तुमाला न्हाई कळायचं."

"कळलंय," नागूबाई म्हणाली. "तुमाला महादेवीला सोपी पोरगी द्यायची होती. आख्ख्या गुलबर्ग्यात तुमी एकटेच असे, ज्यांना शोभा सोपी वाटली. कामून की तुमी गच्चीवरनं जे बघितलं, तेच तुमच्या डोळ्यांत बसलंय. मालकाची लेक जिंकायली, चुना मारणाऱ्याची पोरगी हरायली. तेरा वर्सं झाली त्याला. मधे एकदाबी तुमी तिला खेळताना बघितलं न्हाई, पेपरात वाचलं न्हाई. वाचायची गरजच वाटली न्हाई."

"कवाच जिंकली नव्हती ती महादेवीला!"

"जिंकू दिलं नव्हतं, अप्पा. बाप सांगायचा, मालकाच्या लेकीला हरवू नको. पोरगी जाळीत मारायची."

गुरुशांतप्पांचं तोंड उघडं राहिलं. त्यांनी कोर्टाकडे बघितलं, जाळीकडे बघितलं. नागूबाईला वाटलं म्हातारा आता रागावेल. तो रागावला नाही.

"जिंकाय पायजे म्हणून न्हाई केलं म्या," ते हळू म्हणाले. "बक्षीस गेलं चुलीत. हरली की सकाळच्या गाडीनं जाती ती. एक सामना जिंकली तर दोन दिस थांबंल. दोन जिंकली तर चार दिस. बंगल्यात अकरा खोल्या हायत, नागूबाई. मी बोललो की माझाच आवाज मला माघारी ऐकाय येतो. चार दिस गावात असली, तर एकांद्या दिवशी येईल, उंबऱ्यात उभी राहील, एवढंच वाटलं. ह्या गोदामाला फळ्या ठोकल्या त्या काय टेनिसपायी?"

चाळीस रिकाम्या कॉट नागूबाईला ठाऊक होत्या. जगात कुणाला हे कळलं असेल तर तिलाच. आणि म्हणूनच तिला त्याचा संतापही आला.

"तुमच्या चार दिसांपायी त्या पोरीचा जन्म जायलाय, अप्पा. आन् तुमी हितं फाईल धरून बसलाव. माणिकराव ओरडायलेत तवा तोंडातनं शब्द काढला न्हाई. तिच्या बापानं बावीस वर्सं तुमचा चुना मारला."

"सांगितलं तर महादेवी माझं तोंड बघणार न्हाई."

"न्हाई बघणार. तेबी खरं हाय." ती उठली. "तुमी सांगताव का मी सांगू, एवढंच ठरवा."

६

पाच वाजता मंडळाची माणसं बसली, मागं आठ खेळाडू उभ्या राहिल्या, आणि भिंतीशी ज्ञानोबा टोपी हातात घेऊन उभा राहिला. माणिकरावांनी घसा साफ केला. त्यांना बोलू न देता गुरुशांतप्पा उठले आणि फाईल उघडून टेबलावर ठेवली. आठ नावांच्या यादीत एक चौकोनी भोक होतं.

"गोळा म्या बदलला," ते म्हणाले. "ज्ञानोबाला ठाव न्हाई, शोभीलाबी न्हाई. माझी लेक चार दिस गावात ऱ्हावी म्हणून केलं. अध्यक्षपण सोडलं म्या."

माणिकराव आपल्या टाइप केलेल्या सूचनेकडे बघत राहिले आणि मग त्यांनी ती घडी करून खिशात घातली. ज्ञानोबा दोन पावलं पुढं आला.

"मालक, यात चूक माझीबी हाय," तो म्हणाला. "मीच पोरीला हरायला लावायचो. तुमाला ते खरं वाटलं. आज न्हाई लावणार."

आता करायचं काय? हैदराबादची एकजण म्हणाली, सोडत नव्यानं काढा. तेवढ्यात महादेवी बोलली. ती वडलांकडे बघत नव्हती.

"बाकीचे सहा गोळे खरे होते, त्यांच्या ओळी खऱ्या. आमची ओळ तेवढी खोटी. ती आम्हा दोघींना चालत असेल तर तशीच राहू द्या. शोभा, चालेल?"

"चालेल, अक्का."

"मग एक ऐक. जाळीत मारायचं नाही."

सहा वाजता सामना सुरू झाला. नागूबाईला टेनिस कळत नव्हतं, पण त्या संध्याकाळी ते कळायची गरज नव्हती. शोभा अशी खेळली की पत्र्याखालचे पारवे उडून गेले. सहा-शून्य, सहा-एक. तो एक गेम महादेवीनं सुजलेल्या गुडघ्यावर पळून कमावला होता, फुकट मिळवला नव्हता. शेवटच्या चेंडूनंतर दोघी जाळीशी आल्या आणि महादेवीनं शोभाला मिठी मारली. दोघी हसत होत्या की रडत होत्या ते लांबून समजलं नाही. गुरुशांतप्पा मागच्या रांगेत बसले होते. टाळ्या वाजवायला त्यांनी हात वर घेतले आणि तसेच मांडीवर ठेवले.

सकाळी नागूबाई बिछान्याची चादर काढायला गेली, तर महादेवीची पेटी उघडीच, कपडे कॉटवर पसरलेले.

"अक्का, हरणारीनं बिछाना सोडायचा, मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "पण मी शोभाच्या खोलीत खाली झोपते. तिचे राहिलेले सामने बघायचेत मला. कुणीतरी टॉवेल धरायला नको का तिला? चार दिवस ठेवून घ्याल?"

"ठेवून घेते की!" नागूबाई म्हणाली. तिला इतका आनंद झाला की तो लपवायला तिनं चादर जोरात झटकली. मग तिला बंगल्यातल्या अकरा खोल्या आठवल्या. "आन् घरी? एकदा जाऊन येशील?"

"नाही," महादेवी म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "मंडळवाले शोभाचं नाव कापायला निघाले होते आणि अप्पा अकरापासून पाचपर्यंत गप्प बसले. मला बोलवायचं होतं तर एक कार्ड टाकायचं होतं. पंधरा पैशांचं. 'ये' म्हणून. मी आले असते, अक्का. सात वर्षं मी रोज टपाल बघत होते."

दुपारी गुरुशांतप्पा वसतिगृहाच्या फाटकाशी आले. फेटा नव्हता, चालत आले होते. सोडतीच्या कामाची ती एक सकाळ सोडली, तर फाटकाच्या आत पुरुषांना येता येत नाही. तो नियम नागूबाईनंच केला होता.

"थांबली म्हणं?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"किती दिस?"

"चार."

त्यांनी मान हलवली. "माझ्याबद्दल काई बोलली?"

कार्डाचं सांगावं का, असा विचार नागूबाईच्या मनात आला. म्हाताऱ्याचे डोळे बघून तिला सांगवेना. पण लपवणंही तिला जमलं नसतं, ती असली बाई नव्हती. म्हणून तिनं सांगितलं, एकेक शब्द, जसा ऐकला तसा. 'रोज टपाल बघत होते' इथं आल्यावर गुरुशांतप्पांनी फाटकाचा गज धरला.

"टपाल माझ्या घरापसनं दोन पावलांवर हाय," ते म्हणाले.

नागूबाईनं आतून दोन खुर्च्या आणल्या. एक बाहेर ठेवली, एक आत, मधे फाटक. दोघं बसली. वरच्या मजल्यावर पोरी कॅरम खेळत होत्या, आणि कुणाचीतरी सोंगटी पडली म्हणून मोठा गलका झाला. त्यात एक हसणं सगळ्यांच्या वर गेलं.

"ही महादेवी हसायली," म्हातारा म्हणाला.

"व्हय, तीच," नागूबाई म्हणाली.